सेटिंग कोणाचं?

'सेटिंग' हा शब्द आपण मराठीत इतका मुरवून घेतलाय की तो मूळचा आपला नाही हे सांगितलं तर लोक हसतील. सरकारी कचेरीत 'सेटिंग' असतं, कॉलेजातल्या पोराचं कुणाशीतरी 'सेटिंग' असतं, आणि मोबाइल बिघडला की घरातल्या लहान मुलाला हाक मारून 'जरा सेटिंग बघ रे' म्हणावं लागतं. पण ज्यांचं पोट या शब्दावर चालतं ते लोक तो वेगळ्याच गांभीर्याने उच्चारतात. भिवंडीतल्या एखाद्या कारखान्यात 'सेटिंग किसने हिलाया?' हा प्रश्न कधी ऐकलात तर लक्षात येईल. विचारणाऱ्याच्या आवाजाची पट्टी चढलेली असते आणि आजूबाजूचे सगळे एकदम आपापल्या कामात गढून जातात.

यंत्र एकच आणि वापरणारे अनेक, असं असेल तिथे हा प्रश्न येतोच. मग ते सेटिंग कोणाचं? यंत्र ज्याच्या मालकीचं त्याचं? सकाळी चालवणाऱ्याचं की रात्री चालवणाऱ्याचं? की ज्याने हातात पाना घेऊन ते जुळवून दिलं त्या मिस्त्रीचं? आणि ते चुकलं तर खराब झालेल्या मालाचे पैसे कोणाच्या पगारातून जाणार? वरवर पाहता ही कारखान्यातली किरकोळ भांडणं वाटतात. पण गेल्या दीड-पावणेदोनशे वर्षांचा इतिहास चाळला तर या एका प्रश्नाभोवती संप झालेत, चौकशी समित्या बसल्यात, कायदे झालेत. हल्ली लाकूड आणि एमडीएफ कापणारी सीएनसी राउटर नावाची यंत्रं गल्लोगल्ली आली आहेत, आणि अशा सामाईक यंत्राभोवती नेमकं हेच भांडण नव्या शब्दांत चालतं. म्हणून म्हटलं, जरा मागे जाऊन बघू या.

आधी भिवंडीबद्दल दोन शब्द. मुंबईकरांच्या डोक्यात भिवंडी म्हणजे गोदामं, ट्रक आणि वाहतूक कोंडी. पण गावाची खरी ओळख मागाची. एकोणिसाव्या शतकात, विशेषतः १८५७ नंतर, उत्तरेतून विणकरांची कुटुंबं दक्षिणेकडे सरकली आणि मालेगाव, धुळे, भिवंडी अशा ठिकाणी वसली. हे मोमिन विणकर हातमागावर काम करत. पुढे तेलंगणातून पद्मशाली विणकर आले. भिवंडीतलं पद्मानगर हे त्यांचंच. विसाव्या शतकात वीज आली तसे हातमाग मागे पडून यंत्रमाग आले. त्यातले पुष्कळसे माग नवे नव्हतेच. मुंबईच्या गिरण्यांनी जुने म्हणून काढून टाकलेले, लँकेशायरच्या धाटणीचे साधे माग भंगाराच्या नाहीतर त्याहून थोड्या चढ्या भावाने इथे आले आणि पत्र्याच्या शेडमध्ये पुन्हा धडधडायला लागले. एका शेडमध्ये बारा, चोवीस, अठ्ठेचाळीस. बोली बघाल तर उर्दू, हिंदी, तेलुगू, मराठी, भोजपुरी असं सगळं मिसळलेलं. जॉबर, बीम, पिक, शटल हे शब्द मात्र सगळ्यांचे सारखे.

या शेडमध्ये कामाच्या साधारण दोन पाळ्या, बारा-बारा तासांच्या. म्हणजे एका मागाला दोन धनी, एक दिवसाचा आणि एक रात्रीचा. एकेक विणकर चार, सहा, आठ माग सांभाळतो. कांडी संपली की माग थांबवायचा, धोट्यातली कांडी बदलायची, तुटलेला धागा जोडायचा, पुन्हा सुरू. पाळी बदलताना कापडावर खूण केली की दोघांचे मीटर वेगळे होतात. सेटिंग मात्र वेगळं होत नाही. रात्रीच्याने जे करून ठेवलंय ते सकाळच्याच्या गळ्यात येतं.

आता मागाचं सेटिंग म्हणजे नक्की काय? ते दोन प्रकारचं असतं, आणि हा फरक पुढच्या सगळ्या गोष्टीत महत्त्वाचा आहे.

पहिला प्रकार आकड्यांचा. कापडात एका इंचात आडवे धागे किती बसवायचे याला 'पिक' म्हणतात. मागाच्या कडेला दातेरी चाकांची एक माळ असते, ती विणलेलं कापड हळूहळू पुढे ओढते. त्यातलं एक चाक बदलता येतं, ते चेंज व्हील. त्याचे दाते बदलले की पिक बदलतात. विणकराचा हात किती कसलेला आहे याचा इथे संबंध नाही. हे चाक लावलंत तर ५२ पिक, ते लावलंत तर ५६.

आता हे चार पिक म्हणजे काय ते बघा. माग मिनिटाला दीडशे फेऱ्या मारतो असं धरू. ५२ पिक असताना तासाला साधारण ४.४ मीटर कापड निघतं. ५६ पिक केले तर ४.१ मीटरच निघतं. माग एकदाही थांबला नाही असं मानलं तर बारा तासांत एका मागावर जवळजवळ पावणेचार मीटरचा फरक पडतो. विणकराला मजुरी मीटरवर मिळते. तो तेवढाच घाम गाळतो, माग तेवढाच धडधडतो, पण कापड कमी निघतं. सहा माग असतील तर करा हिशोब! म्हणून तर मजुरीचा भाव नुसत्या मीटरवर न ठरता पिकावर ठरतो. इचलकरंजीत मजुरीवाढीच्या वाटाघाटी होतात तेव्हा '५२ पिकाला किती पैसे' असंच बोललं जातं. बाहेरच्या माणसाला हे गूढ वाटतं, पण एका दातेरी चाकामुळे आपली मजुरी गुपचूप कमी होऊ नये म्हणून विणकरांनी घातलेलं ते कुंपण आहे.

दुसरा प्रकार हाताचा. धोटा मारणाऱ्या दांड्याला जोर किती द्यायचा, चामड्याचा पट्टा किती आवळायचा, ताण्याच्या बीमला मागे किती वजन टांगायचं, धोटा सुटायची वेळ नेमकी कुठे धरायची. यांनाही आकडे लावता येतात, पण ते फारसे कोणी लावत नाही. कारण पावसाळ्यात सूत वेगळं वागतं, चामडं झिजतं, जुन्या मागाच्या सांध्यांत खेळ आलेला असतो. हे सगळं ज्याच्या कानात आणि बोटांत असतं तो जॉबर. शेडच्या दारातून आत येताना आवाज ऐकूनच तो सांगतो की तिसऱ्या ओळीतला माग नीट मारत नाहीये. जोर कमी पडला तर धोटा वेळेत पोचत नाही आणि माग धाडकन थांबतो. घडी बिघडली तर धोटा उडूनही जातो. धारदार टोकाचा तो लाकडी तुकडा कुणाच्या डोळ्याला लागला तर काय होईल हे सांगायची गरज नाही.

हा जॉबर भिवंडीने शोधलेला नाही. तो मुंबईच्या गिरण्यांतून आला. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली, १८५६ मध्ये ताडदेवला ती गिरणी सुरू झाली आणि पुढच्या काही दशकांत गिरणगाव उभं राहिलं. त्या गिरण्यांत जॉबर म्हणजे एकाच वेळी तीन-चार माणसं होती. माणसं भरती करणारा तोच, खाते चालवणारा तोच, रजा देणारा-नाकारणारा तोच आणि यंत्र जुळवून देणाराही तोच. त्याच्या हातात सेटिंग होतं आणि सेटिंग हातात असल्यामुळे माणसंही होती. ज्याच्याशी त्याचं जमत नाही त्याचा माग 'नीट लागत नाही', इतकं सोपं! मराठीतल्या 'सेटिंग'चे दोन्ही अर्थ या एका माणसापाशी येऊन मिळत. १९२९ मध्ये नेमलेल्या व्हिटली कमिशनने (कामगारविषयक शाही आयोग) १९३१ च्या अहवालात जॉबरच्या या सत्तेवर टीका केली आणि भरतीचं काम त्याच्याकडून काढून घ्यायला सांगितलं. पण इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी दाखवून दिलंय की जॉबर हा काही निरंकुश सुलतान नव्हता. त्यालाही खाली माणसं धरून ठेवावी लागत, नाहीतर त्याचं खातंच ओस पडे.

ज्या लँकेशायरमधून हे माग आले तिथेही असाच माणूस होता. त्याला टॅकलर म्हणत. त्याच्या हाताखालच्या विणकरांनी जेवढं कापड काढलं त्या प्रमाणात त्याला पैसे मिळत. म्हणजे विणकर थांबला की टॅकलरचं नुकसान. त्यामुळे तो विणकरांच्या मागे लागे आणि विणकर त्याचा सूड विनोदांनी घेत. टॅकलर किती मठ्ठ असतो यावरच्या चुटक्यांची तिकडे एक परंपराच आहे. यंत्राची किल्ली ज्याच्या हातात त्याच्यावर हसायचं, हा दुबळ्याचा जुना उपाय.

असो. मूळ मुद्दा पैशांचा. सेटिंग चुकलं, कापड खराब निघालं, तर भरायचं कोणी? मुंबईच्या गिरण्यांत याचं उत्तर ठरलेलं होतं. खराब कापड विणकराच्या नावावर मांडायचं, त्याची किंमत पगारातून कापायची आणि तो गठ्ठा त्याच्याच अंगावर टाकायचा. जा, बाजारात जाऊन वीक! कापडाचा दोष सुताचा होता, मागाचा होता, जॉबरच्या सेटिंगचा होता की विणकराच्या डुलकीचा, हे ठरवणार कोण? कागदावर काहीच नव्हतं. मागासमोर उभा असलेला माणूस तेवढा दिसत होता, म्हणून दोष त्याचा.

१९२८ चा मुंबईतला प्रचंड संप एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चालला. त्यामागे मुख्य कारण होतं 'कार्यक्षमते'च्या नावाखाली विणकराला दोनऐवजी तीन माग देणं आणि माणसं कमी करणं. संप समितीच्या सतरा मागण्या होत्या. संप मिटताना न्यायमूर्ती फॉसेट यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली आणि तिच्यासमोर या खराब कापडाच्या वसुलीचा प्रश्नही आला. पुढे १९३६ मध्ये वेतन देण्याबाबतचा कायदा झाला. त्यात दोन गोष्टी आल्या. दंडाला मर्यादा घातली, रुपयाला अर्धा आणा. आणि नुकसानीपोटी पगार कापायचा असेल तर ते नुकसान त्या कामगाराच्या हलगर्जीपणामुळेच झालेलं असलं पाहिजे, आणि कापण्यापूर्वी त्याला आपली बाजू मांडायची संधी दिली पाहिजे. आज त्या कायद्याची जागा नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेने घेतली आहे, पण हे तत्त्व तिच्यातही आहे. ऐकायला साधं वाटतं. पण 'त्याच्यामुळेच झालं' हे सिद्ध करायचं तर आधी सेटिंग काय होतं, ते कोणी आणि कधी बदललं, हे कुठेतरी नोंदलेलं असायला हवं ना! कायदा कागदावर आला, पण यंत्राशेजारी नोंदीची वही काही आली नाही. आणि छोट्या शेडपर्यंत तर कायदाही धापा टाकतच पोचतो.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही, हे आपल्याला माहीत आहे. त्या काळात गिरण्यांचं कापड भिवंडीच्या मागांवर विणलं गेलं, आणि गिरण्या बंद पडत गेल्या तसं उरलंसुरलं कामही तिकडे सरकलं. माग ट्रकमध्ये घालून नेता येतो. त्याचं सेटिंग मात्र माणसाबरोबरच जातं, एसटीने, डब्यासकट. गिरणीत हात बसलेली माणसं जिथे गेली तिथे ते ज्ञान गेलं. जी गावी परतली त्यांच्याबरोबर ते कोकणात, सातारा-कोल्हापुरात जाऊन बसलं आणि तिथेच संपलं. त्याची वही नव्हती.

मग सेटिंग कागदावर उतरवायचे प्रयत्न झालेच नाहीत का? झाले की. आणि गंमत म्हणजे ते मागावरच झाले.

फ्रान्समधल्या लिआँ शहरात जोसेफ मारी जॅकार याने १८०४ च्या सुमारास भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांवर चालणारी मागाची रचना सिद्ध केली. त्याच्याआधी बूशाँ, फाल्कन, वोकांसाँ यांनी त्या दिशेने पावलं टाकली होती. भोक असेल तर तो ताण्याचा धागा उचलायचा, नसेल तर नाही. नक्षी विणकराच्या डोक्यातून आणि मदतनीस पोराच्या हातातून निघाली आणि कार्डांच्या माळेत जाऊन बसली. १८३९ मध्ये खुद्द जॅकारचं रेशमी चित्र विणलं गेलं, त्याला सुमारे २४,००० कार्डं लागली होती. चार्ल्स बॅबेजकडे त्याची एक प्रत होती आणि गणनयंत्राचा विचार करताना त्याच्या डोक्यात ही कार्डं होती. आपल्याकडे सोलापूरची चादर ओळखली जाते तीही जॅकार्डच्याच नक्षीमुळे.

कार्डामुळे काय झालं? एक, सेटिंग पहिल्यांदाच यंत्रापासून सुटं झालं. ते काढता आलं, ठेवता आलं, दुसऱ्या मागावर चढवता आलं. दोन, ते आता ज्याच्याकडे कार्डं त्याचं झालं. विणकराला ते वाचता येत नसलं तरी माग चालतच होता. लिआँच्या विणकरांनी या यंत्राला सुरुवातीला विरोध केला तो उगाच नाही.

इथून सीएनसीपर्यंत एकच उडी आहे, फक्त ती कापडातून धातूत जाते. अमेरिकेत मिशिगनमधला जॉन पार्सन्स हेलिकॉप्टरची पाती बनवत असे. पात्याचा वक्र आकार आकड्यांच्या तक्त्यावरून कापायचा, ही कल्पना त्याने अमेरिकन हवाई दलाकडे नेली. १९४९ मध्ये कंत्राट मिळालं, मॅसॅच्युसेट्समधली एमआयटी ही संस्था त्यात आली आणि १९५२ मध्ये तिथे आकड्यांवर चालणारं मिलिंग यंत्र लोकांना दाखवलं गेलं. आकडे यंत्राला कसे सांगायचे? भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवरून! दीडशे वर्षांनी जॅकारचं कार्ड पट्टी होऊन परत आलं.

पण त्याच सुमारास दुसरीही एक वाट होती. कसलेल्या कारागिराने एकदा हाताने भाग कापायचा, त्याच्या हालचाली चुंबकीय फितीवर नोंदवायच्या आणि मग यंत्राने त्या जशाच्या तशा पुन्हा करायच्या. जनरल इलेक्ट्रिकने १९४६-४७ मध्ये हे करून पाहिलं होतं. डेव्हिड नोबल या इतिहासकाराने १९८४ च्या आपल्या पुस्तकात विचारलंय की ही दुसरी वाट मागे का पडली? त्याचं म्हणणं असं की कारण केवळ तांत्रिक नव्हतं. पहिल्या पद्धतीत सेटिंग ऑफिसात बसलेल्याच्या हातात येतं, दुसऱ्या पद्धतीत ते कारागिराच्याच हातात राहतं. व्यवस्थापनाला आणि लष्कराला पहिली सोयीची वाटली. नोबलशी वाद घालता येईल. गुंतागुंतीचे वक्र आकार हाताने कापून नोंदवणं मुळातच अवघड होतं हेही खरं. पण त्याचा प्रश्न रास्त आहे. सेटिंग लिहून काढणं ही चांगलीच गोष्ट. पण ते कोण लिहितो आणि कोणाला वाचता येतं, यावर बाकीचं ठरतं.

आता भिवंडीत परत येऊ. माझ्या माहितीतलं एक शेड आहे. पूर्वी तिथे माग होते, आता एक सीएनसी राउटर आहे. आठ बाय चारच्या शीटएवढं टेबल, त्यावर तीन दिशांना फिरणारी मोटर, तिच्या टोकाला बिट. देव्हाऱ्याची जाळी, दरवाज्याची नक्षी, किचनच्या ट्रॉलीची कपाटं, सगळं त्यावर निघतं. यंत्र एकाचं, पण त्यावर काम करणारे चौघे. शेडचा स्वतःचा ऑपरेटर, शिवाय तासावर यंत्र घेणारे दोन सुतारमिस्त्री आणि डिझाइन करून पेन ड्राइव्हवर आणणारा एक तरुण.

इथलं सेटिंग सगळं आकड्यांचं, म्हणजे मागापेक्षा सोपं असायला हवं. पण गंमत बघा. यंत्राला बिटाचं टोक कुठे आहे हे दिसत नाही; आपण सांगितलेल्या शून्यावरून ते मोजतं. आधीच्या माणसाने बिट बदललं, नवं बिट चिमट्यातून, म्हणजे कोलेटमधून, ४ मिलिमीटर जास्त बाहेर राहिलं आणि शून्य पुन्हा घेतला नाही, तर यंत्र विश्वासाने ४ मिलिमीटर जास्त खोल जाणार. १८ मिलिमीटरच्या प्लायमधून आरपार, थेट खालच्या टेबलात.

दुसरं, बिटाची जाडी. ६ मिलिमीटरचं बिट धार लावून आणलं की ५.८ होतं. यंत्रात ६ च लिहिलेलं राहिलं तर खाच ०.२ ने अरुंद निघते आणि जोड बसत नाही. मग सुतार म्हणतो फाइल चुकली, फाइलवाला म्हणतो सुताराला मोजता येत नाही.

तिसरं, वेग. मोटर मिनिटाला १८,००० फेरे, बिटाला दोन धारा आणि पुढे सरकण्याचा वेग मिनिटाला ५,४०० मिलिमीटर, तर एकेक धार ०.१५ मिलिमीटर लाकूड घेते. कुणी घाबरून वेग एक तृतीयांशावर आणला आणि फेरे तेवढेच ठेवले, तर धार फक्त ०.०५ घेते. म्हणजे बिट कापण्याऐवजी घासायला लागतं, लाकूड जळतं, कडा काळ्या पडतात, बिट तापून मरतं. हा वेग कमी-जास्त करायचं बटण आधीचा माणूस तसंच सोडून गेला तर पुढच्याला कळत नाही आपलं लाकूड का जळतंय.

आणि चौथं, बिटांचे नंबर. यंत्रात एक तक्ता असतो, टी-१, टी-२, टी-३ असा, आणि प्रत्येकापुढे त्या बिटाची लांबी. माझ्या संगणकात टी-३ म्हणजे ६ मिलिमीटरचं सरळ बिट असेल, तुमच्यात टी-३ म्हणजे टोकदार व्ही-बिट. फाइल दोघांचीही बरोबर. पण यंत्राला एकच टी-३ माहीत आहे. बिटं आपोआप बदलणाऱ्या यंत्रावर तर हा गोंधळ थांबवायला मध्ये माणूसही नसतो.

या शेडमध्ये एकदा असंच कुणाचंतरी सागाचं दार बिघडलं. भांडण कसं झालं असेल ते तुम्हाला कळलंच असेल. आवाज सगळ्यात खाली होता तो ऑपरेटरचा, कारण पगारी माणूस तोच. शंभर वर्षांपूर्वीचा विणकर आणि त्याच्या अंगावर टाकलेला तो कापडाचा गठ्ठा मला तिथे स्पष्ट दिसला.

पण पुढे जे झालं ते गिरणीत झालं नव्हतं. चौघांनी मिळून एक वही घातली. साधी शंभर पानी, यंत्राच्या पायाला दोरीने बांधलेली. नियम चारच. तक्त्यातले पहिले दहा नंबर सगळ्यांचे, ते कोणी बदलायचे नाहीत. स्वतःचं खास बिट असेल तर एकविसाच्या पुढचा नंबर घ्यायचा. धार लावून आणलेलं बिट मोजायचं आणि नवा आकडा लिहायचा. उठताना वेगाचं बटण शंभरावर आणून ठेवायचं. आणि चौथा भिंतीवरच रंगवलाय, 'अपना झीरो खुद लो'. आधीच्याने घेतला असेल तरी आपला शून्य आपणच घ्यायचा. वहीत तारीख, वेळ, काय बदललं, का बदललं आणि नाव. कुणी उर्दूत लिहितो, कुणी मराठीत, आकडे सगळ्यांना कळतात.

मला त्यात सगळ्यात आवडलं ते 'का बदललं' हा रकाना. तिथे 'गाठ आहे, आवाज येत होता', 'एमडीएफ ओला', 'बिट गेलं वाटतं' अशा नोंदी आहेत. म्हणजे आकड्यात न मावणारं, कानातलं, बोटांतलं सेटिंग, जे जॉबर आपल्याबरोबर घेऊन गेला, ते इथे थोडं थोडं उतरतंय. आणि ते उतरवतोय यंत्र चालवणाराच.

अर्थात वहीने सगळं सुटतं असं नाही. उद्या मालकाने तीच वही पगार कापायला पुरावा म्हणून वापरली की परवापासून तिच्यात काही खरं लिहिलं जाणार नाही. कुणीतरी सगळे आकडे संगणकात कुलूपबंद केले आणि ऑपरेटरला फक्त हिरवं बटण ठेवलं, तर आपण पुन्हा पार्सन्सच्या वाटेला लागलो. वही उघडी राहणं, सगळ्यांना वाचता येणं आणि ती चूक धरायला नसून चूक टाळायला आहे यावर चौघांचा विश्वास असणं, हे सगळं जमलं तरच तिचा उपयोग. ते रोज नव्याने जमवावं लागतं.

आपण सगळेच कुठल्या ना कुठल्या सामाईक यंत्रावर बसतो. ऑफिसातला संगणक, सोसायटीचा पाण्याचा पंप, घरातलं वॉशिंग मशीन सुद्धा. काही बिघडलं की जो समोर सापडतो, जो सगळ्यात कमी बोलू शकतो, त्याच्यावर बिल फाडायची आपल्याला सवय आहे. पंप जळला की वॉचमन, नाही का? पंपाचा व्हॉल्व्ह शेवटचा कोणी फिरवला हे आपण लिहून ठेवलेलं नसतं. तेव्हा जमलं तर तुमच्या पंपाच्या खोलीतही एक वही टांगून बघा. आणि पहिली नोंद वॉचमनला नाही, सेक्रेटरीला करायला लावा.